भावकी अवघड की देश?

मंडळी, सकाळपासून माझं डोकंच चालेना. अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या माझ्या नातीचा, सईचा, इकडे न्यूझीलंडला, पापाकुरात, फोन आला.

गेल्या आठवड्यात ती रडत होती. आसपासच्या कॉलेजांच्या स्पर्धेत, म्हणजे कॉन्फरन्सात, फायनल हरलेली. तरी वर्षभराच्या खेळावर त्यांच्या टीमला देशाच्या स्पर्धेत, नॅशनलला, घेतलं, आणि तिथं दोन मॅच जिंकल्या!

"घरात हरलीस आणि देशात जिंकलीस? कसं गं?"

"आजी, कॉन्फरन्सच टफ. त्या टीम आमची प्रत्येक चाल ओळखतात."

"म्हणजे भावकीच की! तुझे आजोबा जन्मभर परक्यांना पुरून उरले, पण चुलत्यांपुढे हरले."

ती खूप हसली. मग हळूच म्हणाली, "परवा नॅशनलला पुन्हा आम्हाला फायनलला हरवणारी तीच टीम समोर आहे, आजी."

आता सांगा, देवाला नारळ एक बोलू की दोन?