मुकादमांचे खडे

समस्त मुळशी तालुक्यास, आणि तालुक्याबाहेरच्या ज्या दुर्दैवी मंडळींना त्यांचं दर्शन घडलं नाही त्या सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की इब्राहीम मुकादम यांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम खडे असत. निवेदन संपलं. टोप्या काढून उभं राहायची गरज नाही. पण हसण्याची घाईही करू नका, कारण आमच्या भागात जी कामं सुरू होऊन संपलीसुद्धा, त्यातली बरीचशी ह्याच खिशातून निघाली होती.

मुकादम रस्त्याच्या कामावरून निवृत्त होऊन पौडला एस.टी. स्टँडच्या मागे राहत. उंच, जरा वाकलेले, उन्हाळ्यातही काळ्या कोटात. माळाच्या दुसऱ्या टोकाला खडी फोडणाऱ्या टोळीला हाका मारण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरात चहा मागितला तरी स्टँडवर उभी असलेली कोळवणची गाडी दचकायची.

माझी त्यांची पहिली गाठ शाळेच्या संमेलनात पडली. मी नवा मास्तर होतो आणि नाटक बसवण्याची हौस अफाट. मंडप उभा केला, पडदा टांगला, आणि मग बाकं आणायला गेलो तर खांब इतके जवळजवळ रोवलेले की एकही बाक आत शिरेना. पोरं घामाघूम, मी रडकुंडीला, आणि शाळेच्या गडग्यावर बसलेला एक काळा कोट हा सगळा खेळ फुकटात आणि मोठ्या चवीनं बघत होता. बराच वेळ बघून झाल्यावर तो खाली उतरला.

"मास्तर, समद्यात शेवटी काय व्हतं?"

मी म्हणालो, राजा मरतो.

"त्ये नाटकात. कामात काय व्हतं?"

मी गोंधळून म्हणालो की लोक घरी जातात.

"मग तितनं मागं या."

त्यांनी खिशातून एक खडा काढून मातीत ठेवला. हा लोक घरी गेल्याचा. मग विचारलं, ह्याच्या आधी काय? नाटक. दुसरा खडा. त्याच्या आधी? लोक बसले पाहिजेत. त्याच्या आधी? बाकं. असे मागे मागे येत आम्ही खांबांपाशी पोचलो आणि माझं मलाच कळलं की मी कुठे शेण खाल्लं होतं. खड्यांच्या मध्ये काही जागा त्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या. त्या कशाच्या, असं विचारलं तर म्हणाले, "ही पावसाची. ही दुखण्याची. आन् ही मोठी, ती रुसव्याची." आमच्या तालुक्यात कुणीही न रुसता कुठलंही काम पार पडलेलं नाही, ह्याचा हिशेब धरणारा मी पाहिलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस.

कोणता खडा कशाचा हे विसरेन म्हणून मी खडू घेऊन त्यांवर नावं लिहायला बसलो. मुकादमांनी खडू माझ्या हातातून काढून माझ्याच खिशात ठेवला. "नावं कशाला? मी हाय की." आम्हाला ते सगळे खडे सारखेच दिसायचे. त्यांची कधी चूक झाली नाही.

मग तो दुष्काळानंतरचा उन्हाळा आला. धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं आणि बुडालेलं जुनं गाव चिखलातून वर आलं. जोती, उखळं, पार, आणि भैरोबाच्या देवळापुढची दगडी दीपमाळ, जशीच्या तशी. वर वसलेल्या गावानं ठरवलं की पाणी परत चढायच्या आत दीपमाळ आणून नव्या देवळापुढे उभी करायची. सखाराम पाटील बैलजोडी घेऊन मुकादमांना न्यायला आले. मुकादम मूळचे त्याच बुडालेल्या गावचे. गाव बुडालं तेव्हा पोरसवदा होते.

त्यांच्याबरोबर मीही गेलो. नव्या गावच्या पारावर खडे मांडले गेले. शेवटचा आधी: "पाऊस पडतोय आन् समदी माणसं आपापल्या घरात हायेत." तिथून मागे. दीपमाळ उभी करणं, त्याच्या आधी दगड वर आणणं, त्याच्या आधी चिखलात ओंडक्यांचा रस्ता, त्याच्या आधी चिखल सुकणं. त्यात एक मोठी मेख होती. दीपमाळ उतरवायची वरच्या दगडापासून आणि उभी करायची खालच्यापासून. म्हणजे सगळ्यात शेवटी निघणारा बुडाचा दगड वर सगळ्यात आधी लागणार. तोवर देवळापुढे नुसते दगड पडलेले दिसणार आणि लोक कुरकुरणार. मुकादमांनी कुरकुरीचीही जागा सोडली.

शेवटच्या खड्याच्या अलीकडे त्यांनी आणखी एक खडा ठेवला. तो कशाचा ते बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

काम झकास चाललं होतं. मग सगळ्यात वरचा दगड उतरवताना गुरवाच्या मुलाचा हात आधी लागला. मान पाटलांचा होता. पाटील बैल सोडून घरी गेले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजले. मुकादमांनी माणसं कामाला लावली आणि स्वतः पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसले. समजूत नाही, विनवणी नाही. नुसते बसायचे. सकाळी यायचे, पाटलांच्या घरचाच चहा प्यायचे आणि संध्याकाळी जायचे. गावानं गंमत म्हणून पाहिलं, मीसुद्धा. पण पाटलांचा रुसवा त्याच्यासाठी सोडलेल्या जागेपेक्षा लांबला. शेवटी पाटील उठले, बैल जुंपले, स्वतः खांदा लावून बुडाचा दगड वर आणला. दीपमाळ उभी राहिली. आणि त्याच दुपारी ढग भरून आले.

पहिल्या वळवानं ओंडक्यांचा रस्ता चिखलात गेला. पुन्हा खाली उतरायची सोय राहिली नाही. गाव देवळापुढे गुलाल उधळत होतं. मुकादम पारावर आले, तो न विचारलेला खडा उचलला आणि खिशात टाकला. शेवटचा खडा तेवढा जागेवर राहू दिला. मी विचारलं, हा कशाचा होता?

"अम्मा हाय माझी," ते म्हणाले. "राहू दे. तिला कुटं जायचंय."

मग त्यांनी सांगितलं. गावाच्या अंगाला जुनं कब्रस्तान होतं. ते लहान असतानाच आई गेली, मग पाणी आलं. इतकी वर्षं ते काठावर उभे राहून पाण्याकडे तोंड करून फातिहा पढत होते. माती हलवायची नव्हती. तिच्या उशाचा दगड तेवढा पौडला आणायचा होता आणि आपण गेल्यावर तो आपल्या शेजारी असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सगळ्यांचं काम आधी, म्हणून आपलं शेवटाला ठेवलं होतं.

पाटलांच्या कानावर हे गेलं. ते पौडला आले, स्टँडमागच्या त्या खोलीत मान खाली घालून बसले. म्हणाले, पुन्हा पाणी उतरलं की पहिला दगड तुमचा. मुकादमांनी त्यांना चहा पाजला. दगड ओळखायचा कसा, त्यावर काही खूण आहे का, असं पाटलांनी निघताना विचारलं. मुकादम हसले. "खूण कशाला? मी हाय की."

त्यानंतर पाऊस भरपूर होत गेला. दर उन्हाळ्यात मुकादम गाडीनं जाऊन पाणी बघून येत. गाव वर यायचं नाही. पायांनी साथ सोडली तेव्हा मला पाठवू लागले, आणि मी परत येऊन मान हलवली की म्हणत, "बरं. फुडल्या साली." मग एका पावसाळ्यात ते गेले. कोटाच्या खिशातले खडे त्यांच्या सुनेनं मला आणून दिले. मी ते टेबलावर ओतले आणि बघत बसलो. कोणता कशाचा, काही कळेना.

आणि मग, म्हणजे मुकादम गेल्यावरच, पाणी उतरलं. पाटलांनी सांगावा धाडला. ह्या खेपेला सगळं मुकादमांच्या पद्धतीनं झालं. पाटलांनी स्वतः पारावर खडे मांडले, शेवटापासून मागे. रुसव्याची जागासुद्धा सोडली आणि कुणी रुसलंच नाही, हे आमच्या तालुक्यात आक्रीत. ओंडके टाकले, पहारी, दोर, गाडी, सगळं ज्याच्या त्याच्या वेळेला हजर. पौडहून मुकादमांचा मुलगा आला होता. भर उन्हात आम्ही सगळे खाली उतरलो, कब्रस्तानात पोचलो आणि उभे राहिलो.

समोर काळे, बिननावाचे, एकासारखे एक दगड ओळीनं गाळात रुतलेले होते. मुलानं बापाच्या तोंडून आजीबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, पण दगडाबद्दल काही नाही. तो ह्या दगडापासून त्या दगडापाशी गेला, एकावर हात ठेवला, काढला. गाडीवान बैलांना थोपवून उभा होता. तेवढ्यात सखाराम पाटील वैतागून, सवयीनं, मागे वळून मोठ्यानं बोलून गेले,

"आरं, मुकादमाला इचारा की कुनीतरी, ह्यातली त्येची आई कंची!"