कनूची मागची बैठक

इथं मी पहिल्यांदाच लिहितेय. बरेच महिने नुसती वाचत होते... लिहू की नको ते ठरत नव्हतं, कारण आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. आम्ही बौद्ध. श्राद्ध नाही, पिंड नाही. हुबळीत आमच्या गल्लीत कुणाला 'बाहेरचं' झालं असं कळलं की अप्पा त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचे आणि मग त्याच्या घरच्यांना झापायचे. माणूस गेला की गेला, मागं काही उरत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. म्हणून हे लिहिताना त्यांचाच अपमान करतेय की काय, अशी भीती वाटते. चुकत असेन तर सांगा.

मी धारवाडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. मळमड्डीत आम्ही तिघी खोली घेऊन राहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

अप्पा दांडेलीच्या पुढं, काळी नदीच्या बॅकवॉटरवर एका कॅम्पमध्ये होडीवाले होते. पंधरा दिवसांनी घरी येत. मे महिन्याच्या सुट्टीत मला चार दिवस तिकडं नेत. तिथं राफ्ट, कयाक भरपूर होते, पण एक जुनी, लांब, दोन बैठकांची फायबरची कॅनूही होती. सगळे तिला 'कनू' म्हणत. टुरिस्ट उठायच्या आत अप्पा मला कनूत बसवून झाडांपर्यंत नेत. धरणाच्या पाण्यात जुनी झाडं वाळून तशीच उभी आहेत, नुसती खोडं. तिसऱ्या झाडाला वळसा घालायचा आणि परत यायचं.

मी पुढं, अप्पा मागं. त्यांचा नियम ठरलेला — "पुढच्यानं नुसतं ओढायचं. दिशा मागचा बघतो. आणि वळून बघायचं नाही, होडी डुलती." त्यामुळे होडी चालवणारे अप्पा मी कधी पाहिलेच नाहीत. फक्त ऐकले. वल्ह्याचा आवाज, आणि मधेच, "ओढ की गं, झोपलीस काय?"

कॉलेजात आल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं की अप्पा रिसॉर्टमध्ये मॅनेजर आहेत. का सांगितलं, माहीत नाही. म्हणजे... माहीत आहे.

गेल्या जानेवारीत त्यांचा फोन आला. "शनिवारी ये की. ह्या टायमाला तू मागं बस, मी पुढं बसतो. किती वर्षं मीच दिशा बघायची? जरा मला फिरव."

मी म्हटलं, "असाइनमेंट आहे अप्पा."

असाइनमेंट नव्हती. मैत्रिणीचा वाढदिवस होता, कोप्पीकर रोडवर जेवायला जायचं ठरलं होतं.

"हां हां, अभ्यास कर. कनू कुठं पळून जातीय?"

नवव्या दिवशी अप्पा गेले. पाण्यात नाही — किनाऱ्यावर, लाइफ जॅकेटं वाळत घालताना. हार्ट अटॅक.

पावसाळा संपला, पाणी भरलं, आणि मी ठरवलं की जायचं. एकटीनं. मागच्या बैठकीवर बसायचं आणि पुढची त्यांच्यासाठी रिकामी ठेवायची. यात आत्म्याचा वगैरे विचार नव्हता. त्यांनी सांगितलेलं एक काम राहिलं होतं, एवढंच.

आई म्हणाली, "एकटी? आणि तंबूत?"

"ईरण्णा काका आहेत की तिथं."

"मग खोलीत झोप. तंबूत काय वाघाला भेटायचंय?"

"अप्पांनी बोलावलं होतं आई."

त्यावर तिनं चपात्या आणि शेंगाचटणी बांधून दिली.

ईरण्णा काका म्हणजे कॅम्पवरचे अप्पांचे जोडीदार. मी कॅम्पच्या पार टोकाला, पाण्याजवळ तंबू लावला. रात्रीचं विचाराल म्हणून आधीच सांगते — रात्री काहीही झालं नाही. मला गाढ झोप लागली. जे झालं ते सकाळी आठनंतर, लख्ख उन्हात.

काकांनी शेडमधून कनू काढली. अप्पांच्या नंतर ती कुणी पाण्यात घातली नव्हती, सगळीकडं धूळ बसली होती.

"झाडांच्या पुढं जायचं नाही," काका म्हणाले. "आणि एकटं माणूस मागंच बसतं, हां? पुढं बसलं तर शेपूट वर येतं, मग वारा गरगरा फिरवतो."

"माहितेय काका. मी कुणाची मुलगी आहे?"

"मॅनेजरची!" असं म्हणून काका हसले.

माझ्या हातातलं वल्हं तिथंच राहिलं.

"तुझा फोन कुठल्या तरी मैत्रिणीनं उचललेला एकदा. 'मॅनेजर अंकल, ती आंघोळीला गेलीय' म्हणाली. तेव्हापासून सगळा कॅम्प त्याला मॅनेजर म्हणायचा." माझा चेहरा बघून ते गडबडले. "रागावला नाही गं मगळे. उलट ऐटीत फिरायचा."

मगळे म्हणजे कानडीत लेक. मी कनूत बसले आणि वल्हं मारायला लागले. डोळ्यांत पाणी होतं, कुठं बसतेय हे बघितलंच नाही. काकांचीही पाठ फिरली होती, त्यांना बहुतेक माझ्याकडे बघवत नव्हतं.

कनू सरळ चालली होती. मी उजव्या बाजूनं नुसती ओढत होते. वारा होता, पाण्यावर सुरकुत्या येत होत्या. पहिलं झाड गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याजवळ मी सवयीनं वल्हं मांडीवर घेतलं... कारण तिथं वळायचं असतं, आणि वळवणं पुढच्याचं काम नसतं.

कनू वळली. खोडाला न लागता, डावीकडून, सावकाश. अर्धा वळसा झाला आणि कॅम्पची लाल कौलं समोर आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यापुढं बैठकच नाही. मी पुढं बसले होते.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही. पाठीमागं कसलाच आवाज नव्हता, नुसतं पाणी. मी वळून बघितलं नाही. होडी डुलते.

मी मोठ्यानं म्हटलं, "अप्पा, असाइनमेंट नव्हती."

मग वल्हं परत पाण्यात घातलं आणि ओढायला लागले. परत येतानाही उजवीकडूनच. किनाऱ्यापर्यंत कनू रेघ मारल्यासारखी सरळ आली.

काकांनी कनू वर ओढली आणि ते तसेच उभे राहिले. "मागं काय ठेवलं होतंस?"

"काही नाही."

"मग बसलीस कुठं?"

मी पुढची बैठक दाखवली.

त्या दिवसांत पाण्यावर हिरवट साय असते. कनूच्या धुळीवर तिची ओली रेघ उठली होती. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एका उंचीची, जणू दोन्ही बैठकांवर वजन होतं. काकांनी मला उथळ पाण्यात परत पुढं बसवलं. मागचं टोक लगेच वर आलं, रेघ पाण्याच्या चांगली वीतभर वर गेली. त्यांनी मला उतरवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मागची रेघ पुसायला लागले. मग मधेच थांबून तो टॉवेल तोंडाला लावून खाली बसले.

आमच्या सरांना मी हे 'एका मैत्रिणीचा अनुभव' म्हणून विचारलं. सर म्हणाले, उजवीकडून वल्हवलं की होडी डावीकडं वळायला बघते, पण वाऱ्यानं ते भरून निघालं असेल. मी विचारलं, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा? आणि रेघेचं काय? ते म्हणाले, मैत्रिणीनं नीट निरीक्षण केलं नसेल. असेलही.

आईला सांगायला मला महिना लागला. ती भांडी घासत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आपल्यात हे मानत नाहीत."

"माहितेय."

तिनं एक पातेलं विसळून पालथं घातलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तू कुठल्या बाजूनं मारत होतीस म्हणालीस?"

"उजव्या."

"त्यांचा उजवा खांदा धरायचा. शेवटची दोन वर्षं डावीकडूनच मारायचे."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं मी कनूत बसलेच नव्हते.

मी अजूनही काही मानत नाही. माझ्याकडं याचं उत्तर नाही, आणि तुम्ही 'आत्मा' म्हणालात तर मी तेही घेणार नाही, कारण अप्पांनी घेतलं नसतं. पण रोज एक गोष्ट मनात येते. मी त्यांना पुढं बसवून फिरवायला गेले होते. तेवढंच मागितलं होतं त्यांनी. आणि त्या दुखऱ्या खांद्याच्या माणसाला मी परत मागंच बसवून आले.