माशाचं बरं झालेलं हृदय

काचेच्या बशीत माशाचं तिळाएवढं, पारदर्शक पिल्लू होतं. सूक्ष्मदर्शकातून त्याचं हृदय धडधडताना स्पष्ट दिसत होतं.

"भाऊजी, या हृदयाला मी जखम केली होती. कुठे दिसते का बघा," माझी मेहुणी मुग्धा म्हणाली. प्राण्यांचे अवयव कसे घडतात, हा तिच्या संशोधनाचा विषय.

जखम दिसत नव्हती. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला माझ्या हृदयाचा भाग मात्र दर तपासणीत दिसतो. हृदयाची ताकद पस्तीस टक्के, आणि वर्षभरात त्यात अर्ध्या टक्क्याचीही भर नाही. मी मीठ मोजून खातो, पाणी मोजून पितो. हा मासा काहीच मोजत नाही. मला त्याचा सरळ हेवा वाटला.

तिनं दुसरी बशी सरकवली. "याचं एक जनुक मी कापलंय. याची जखम भरत नाही."

याच्याकडे मी आपुलकीनं पाहिलं. एक तरी आपल्यातला निघाला.

"आता याचं काय?"

"याच्या पिल्लांत ते जनुक परत घालणार."

"घालता येतं?"

"माशांत येतं, भाऊजी."

मी डोळा बाजूला घेतला. नुसत्या नजरेला तो मासा म्हणजे जेमतेम एक ठिपका होता. त्या ठिपक्याच्या घराण्यालाही माझ्यापेक्षा जास्त आशा होती.