खिशातला कॅमेरा आणि वकीलसाहेबांच्या लग्नाची पन्नाशी

एका रोलमध्ये फोटो छत्तीस. किस्से मात्र त्याहून जास्त निघतात, आणि ते धुवायला द्यावे लागत नाहीत.

आम्ही तिघे अंबरपेठचे. वकीलसाहेब, मास्तर आणि मी. मी सातवी पास, सिकंदराबादला कारखान्यात लेथ चालवायचो. दोघे मला मिस्त्री म्हणतात. तिघांत मिळून खिशात मावणारा रोलचा एक कॅमेरा. नियमही एकच. ज्याच्या हातून रोल बिघडला, त्याने कॅमेरा पुढच्याला द्यायचा.

पहिली पाळी मास्तरांची. बारा फोटो काढले आणि भर उन्हात मागचे झाकण उघडले.

"मास्तर, काय करता?"

"कसे आलेत ते बघतो."

जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, सवय जाते कुठे? सगळा रोल उन्हाने गेला.

मग वकीलसाहेब. बीदरचा किल्ला पाहून आले, खुशीत होते. "मिस्त्री, चाळीस फोटो झाले, तरी रोल संपत नाही. बरकत आहे!"

मी रोल गुंडाळायचे चाक फिरवले. हलके फिरले, ओढच नव्हती. यंत्रावर जन्म गेलेल्या बोटाला एवढे कळते. रोल आत अडकलाच नव्हता. किल्ल्याचा एकही फोटो नाही.

"घ्या, तुम्हीच सांभाळा," ते म्हणाले. त्याला आठ महिने झाले. कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे.

आबिड्सला युसूफभाई आमचे रोल धुतात. ते कुणाची तारीफ करत नाहीत. एकदा पट्टी उजेडात धरून म्हणाले, "लोगां एक चीज के दस फोटो निकालते. तुमारे छत्तीस के छत्तीस अलग हैं, चाचा."

"एक बारच दबाना. दो बार कायको?" मी म्हटले.

भाजीवाली लक्ष्मम्मा मला पेद्दय्या, म्हणजे वडीलधारे बाबा, म्हणते. तिला तिचा फोटो नेऊन दिला. तिने पदराला हात पुसून तो घेतला. "रोज फोनवाले खींच के जाते, पेद्दय्या. ला के तुमीच दिए." फोटो आता तिच्या तराजूच्या वर टांगलेला आहे.

गेल्या महिन्यात वकीलसाहेबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. मुलाने दोन फोटोग्राफर बोलावले, वर ड्रोन. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतले. "लग्नाचे फोटो पुरात गेले. आम्हा दोघांचा एक तरी नीट हवा, आणि तो तुम्ही काढलेला हवा."

रोलमध्ये एकच फोटो शिल्लक. बाजारात नवा रोल मिळाला नव्हता.

गच्चीवर मांडव होता. हार झाले, केक झाला. मी दाबले नाही.

मुलगा हसला. "मिस्त्रीकाका, कॅमेरा गंजला की काय?"

"तू तुझे पाहुणे बघ."

मास्तर कोपराने ढोसू लागले. "अहो, दाबा की."

"अजून नाही."

पाहुणे जेवायला खाली उतरले. फोटोग्राफरही गेले. वहिनी शालू सावरत खुर्चीवर टेकल्या. वकीलसाहेब चष्मा लावून खाली बसले आणि वहिनींच्या सँडलचा पट्टा सोडू लागले. वहिनी त्यांच्या टकलावरची गुलाबाची पाकळी उचलत होत्या. मी दोन पावले मागे सरलो आणि दाबले.

मंगळवारी वकीलसाहेबांना फोटो दिला. बुधवारी सकाळी वहिनी एकट्याच माझ्या दारात.

"भाऊजी, मला त्याची एक वेगळी प्रत काढून द्या. यांनी तो कुलपात ठेवलाय. मागितला तर म्हणतात, ओरिजिनल हातात मिळणार नाही, झेरॉक्स घे."