रामदेईचे एकशे आठ दगड

नाव: रामदेई. विधवा, मूळ राहणार बछगाव. व्यवसाय: दंडवत. कायमचा पत्ता: गोवर्धन परिक्रमा मार्ग, दानघाटीपासून साडेतीन मैल, दररोज एक शरीरलांबी पुढे. पेन्शनच्या अर्जात लेखपालाने, म्हणजे तिथल्या तलाठ्याने, हे सगळं गंभीरपणे लिहिलं आणि खाली शेरा मारला: ‘अर्जदार जागेवर आढळते.’

जागा म्हणजे एकशे आठ दगडांचा ढीग. रामदेई दंडवत घाली, पायाशी असलेल्या ढिगातला एक दगड पसरलेल्या हातांच्या टोकाशी ठेवी, उठून पुन्हा तिथेच आडवी होई. एकशे आठही दगड पुढे गेले की मग स्वतः शरीरभर पुढे सरके. तिचा मुलगा चेतराम ट्रकवर कामाला गेला तो परतलाच नव्हता. परिक्रमेचे सात कोस असे पुरे केले की गोवर्धनाचा देव गिरिराज त्याला घरी धाडील, असा तिचा नवस. नऊ वर्षं झाली होती.

ज्येष्ठात ती तापाने पडली. हरबो चहावाल्याने चार दिवस तिला टपरीमागच्या खाटेवर ठेवलं. पाचव्या दिवशी ती भिंत धरत बाहेर आली, तर ढिगाला चंदनाचा टिळा, मोरपिसांचा मुकुट, वरून दुधाची धार. मागे तीर्थावरचा पुजारी लोकमन पंडा पाटावर बसलेला. येणारा प्रत्येक भाविक भक्तिभावाने आणखी एक दगड वाहत होता.

“पंडाजी, हे माझे मोजायचे दगड आहेत!”

“आधी राधे राधे म्हण. माई, गोवर्धनातला दगड नुसता दगड असतो का? परवा प्रगट झाले.”

“प्रगट कुठले? मी माझ्या हातांनी रचले होते!”

“त्याच्या मनात नसतं, तर तुझ्या हातून रचले गेले असते?”

रामदेईने आपला एक दगड ओळखला आणि ओढला. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, म्हातारी देव चोरतेय!” दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं.

“सोडा रे! पोरगं अडकलंय माझं! नऊ वर्षं ओढत त्याला इथवर आणलंय!”

लोक हात जोडून ऐकत होते. त्यांना वाटलं, माईच्या अंगात आलंय.

ढिगाला परका हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून, परिक्रमा सुरू होते त्या दानघाटीपासून, हा या वाटेवरचा नियम. हरबोने चहाचा कुल्हड तिच्या हातात दिला. “माई, शेजारी नवे मांड आणि हो पुढे. कोण बघतंय?”

“ज्याच्याकडे पोरगा मागतेय, तो.”

तिने चहा तसाच खाली ठेवला.

आठवड्याने लेखपाल अर्ज दुरुस्त करायला दानघाटीवर आला. रामदेई नवे दगड रचत होती. पत्ता: दानघाटी, शून्य मैल. शेरा: अर्जदार जागेवर आढळते.

वय: चौऱ्याहत्तर.