आईची दुसरी नोंद

भूत, करणी, बाहेरचं... यातलं काही मी मानत नाही. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आईनं म्हशीच्या दुधावर शिकवलं, ते असल्या गोष्टींना घाबरायला नाही. तरी लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगावं ते कळत नाही.

मी सांगलीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गावोगावच्या डेअऱ्यांचे प्रोग्रॅम आम्ही करतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या डेअरीतही तोच आहे. त्यात सभासदाची ओळख कशावर ठरवायची, ते मी ठरवलं — नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख. कॉम्प्युटरनं दिलेला नंबर नको, हा माझा हट्ट. माणूस नावागावानं ओळखावा. शिवाय यात एकाच माणसाची दुसरी नोंद होतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या डेअरीतून एरर यायला लागले. रोज सकाळी आईचं दूध घालून झालं, की कुणीतरी आईचीच नवी नोंद करू बघायचं. प्रोग्रॅम नाकारायचा. डेअरी चालवणारे बापूकाका म्हणाले, "पोरी, मी त्या बटनांना हात बी लावला न्हाई."

ऑफिसातला वैभव वैतागला. "तुझ्या नावागावापायी रोजचा ताप. सरळ नंबर दे की सगळ्यांना."

दिले. एरर थांबले.

दुसऱ्या दिवशी यादीत आई दोनदा होती. सगळं तेच, फक्त नंबर वेगळा — आणि दोन्हींवर दूध जमा. काकांना फोन केला.

"वहिनी दोनदा आली की. दुसऱ्या खेपंला बोलली न्हाई, घाईत असंल."

आई म्हणाली, "एका म्हशीचं दूध दोनदा कुठनं आणू गं?"

मी गावी गेले. सकाळी आई दूध घालून आली, किटली धुऊन पालथी घातली आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसली. मी शेजारीच होते. तेवढ्यात काकांचा फोन. "वहिनी परत आलीया बघ."

"काका, आई माझ्यापुढं बसलीय."

काका अगदी हळू म्हणाले — "मग हिला काय म्हणू मी?"

पळत गेले. काका भिंतीला टेकून उभे. काट्यावर फेसाळलेलं, कोमट दूध. बाकी कुणी नाही.

जुना, नावागावाचा नियम परत लावायचा, तर आधी दोन नोंदींतली एक पुसावी लागते. सोपं वाटलं... जुना नंबर आईचा, नवा त्या दुसरीचा. पण काकांनी थांबवलं. "पुसू नगंस. जी आधी येती तिचं दूध मी जुन्या नंबरावर टाकतो. आन् आता कवा कवा दोघी बी बोलत्यात. आधी आली ती खरी वहिनी का दुसरी, मला सांगता येत न्हाई."

आईला विचारलं, तर भाकरी परतत म्हणाली, "पूस की एक. एवढी शिकलीस, आन् आईची वळख पटंना व्हय?"

नियमानं जी आत येऊ शकत नव्हती, ती नियम काढल्यावर आली. मग नोंद पुसल्यावर जी जाईल, ती नेमकी कोण? वैभवला सांगितलंय, ती दुसरी नोंद चाचणीपुरती आहे, हात लावू नको.

नोंद पुसायची कमांड मी टाइप करून ठेवलीय. नंबराची जागा तेवढी रिकामी आहे.