आक्काची उभं राहायची पाळी

आम्ही पाचजणी कांद्यात खुरपायला बसलो की हाताबरोबर तोंडंही चालतात. किस्से तणासारखे, एक उपटावा तर शेजारी दोन उगवलेले! त्यातले निम्मे आमच्या सुमनआक्काचे. बाई लाखमोलाची, पण तिचं काही म्हणता काही ठरत नाही.

मंचरला साडी घ्यायला गेलो होतो. आक्काच्या एका हातात हिरवी, दुसऱ्यात जांभळी. आमचा चहा झाला, भेळ झाली. शेवटी आक्का काळा परकर घेऊन बाहेर! म्हणाली, "ह्यो दोन्हीवर चालंल."

भीमाशंकरला जाताना एसटीत दोन जागा रिकाम्या होत्या. खिडकीपाशी बसावं की मधे, ह्याचा आक्का विचार करत राहिली. घोडेगावात दोन्ही भरल्या. बाई वरपर्यंत उभी!

मग शेजारच्या वस्तीवरची कालवड बिबट्यानं नेली आणि आमचं हसू आटलं. खाली बसलेलं माणूस त्याला बकरीएवढंच दिसतं म्हणतात. तेव्हापासून आमचा नियम झाला, चौघींनी खुरपायचं, एकीनं स्टीलचं ताट घेऊन उभं राहायचं. ताट वाजलं की पळायचं. आक्काची पाळी असली की मला सकाळी भाकर गिळायची नाही.

पहिल्याच पाळीला मी कडेच्या वाफ्यात, शेजारच्या उसाला पाठ करून बसलेले. आक्का चवड्यांवर चालत आली आणि माझ्या कानाला लागली.

"उसात पिवळं कायतरी बसलंय गं. ताट वाजवू का?"

मान वळवायला किती वेळ लागला देव जाणे. बघते तर खताचं पोतं!

त्या दिवसापासून आम्ही तिला तयार करायला घेतलं. मी टिचकी वाजवायची, तिनं लगेच उत्तर द्यायचं. मेथी का शेपू? आधी चहा का आधी आंघोळ? बिचारी रडकुंडीला यायची.

"आन् चुकलं तर?"

"तर मेथी खाशील, मरणार न्हाईस."

"ताटाचं चुकलं तर?" तिनं विचारलं. मी घाईनं पुढची टिचकी वाजवली.

परवा पुन्हा तिची पाळी होती. मी त्याच कडेच्या वाफ्यात. वारा पडलेला. आणि एकदम ताट वाजायला लागलं! खुरपी टाकून आम्ही रस्त्यापर्यंत पळालो, आक्का मागून ताट बडवत.

मालक बाळूभाऊ तणतणत आले. काम अर्धं टाकलं म्हणून आम्हाला घेऊन परत वाफ्यावर गेले. माझं खुरपं पडलं होतं तिथं, ओल्या मातीत, पंजे उमटलेले. भाऊंचा आवाज उतरला.

"आक्का, तुला दिसला कुठं?"

"दिसला न्हाई. ऊस हलला, वाजवलं."

"आगं, बघून तरी घ्यायचं!"

आक्कानं ताट अजून सोडलं नव्हतं.

"बघितला असता भाऊ, तर ठरवीत बसले असते."